शब्दाचं युनिट

आधीच कबूल करते. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. मराठी आम्हाला तिसरी भाषा होती, आठवड्यातून तीन तास. त्यामुळे माझं मराठी म्हणजे घरी ऐकलेलं आणि हॉस्टेलला सुधारलेलं! ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आढळल्यास संपादक मंडळाला धरावे, मला नव्हे.

तर गोष्ट अशी. मे महिन्याच्या सुट्टीत आजीकडे गेले होते. वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं गाव. आजी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिचे वडील, म्हणजे माझे पणजोबा (घरात सगळे त्यांना आबा म्हणतात), बेचाळीसच्या चळवळीत होते. आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद आहे. टाइप केलेला, घडीवर फाटलेला, इंग्रजीतला. १९४३ सालचा. आबांनी तो स्वतः जपून ठेवलेला.

गावच्या शाळेतल्या सरांना तो ९ ऑगस्टच्या क्रांतिदिनाला भिंतीवर लावायचा होता, शेजारी मराठी भाषांतरासह. आजी मला म्हणाली, "वाच की गं. तुझ्या मामानं वाचला तवा म्हनला, वॉरंट हाय. फुडं काय लिवलंय ते सांगितलंच न्हाई. तुला यवढं कॉन्व्हेंटात घातलंय, ते कशापायी?"

मी वाचला. आणि मामा पुढचं का बोलला नाही ते कळलं. कागदात आबांच्या नावापुढे दोन शब्द होते. एक 'ॲब्सकॉन्डिंग', दुसरा 'डकॉइटी'. म्हणजे फरारी आणि दरोडा. खाली 'अटॅचमेंट' असाही शब्द होता. मला अटॅचमेंट म्हणजे ईमेलला जोडतात तीच माहीत, तेव्हा तो मी सरळ गाळला.

आता सांगा, ज्या आजीने तो कागद ऐंशी वर्षांच्या पुण्याईसारखा जपलाय, तिला "तुझ्या वडिलांना दरोडेखोर म्हटलंय" असं कोणत्या तोंडाने सांगणार? मी वहीत छान भाषांतर लिहिलं. 'हे थोर देशभक्त भूमिगत असून सरकारी खजिना हस्तगत करण्याच्या कार्यात त्यांचा सहभाग आहे' वगैरे. मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

आजीने शांतपणे ऐकलं. मग म्हणाली, "हे इंग्रजानं लिवलंय?"

"हो."

"आबास्नी थोर म्हनत हुता, तर मग धरायला कशाला फिरत हुता गं?"

मंडळी, आजवर एवढे व्हायवा दिले, पण अशी विकेट कुणी घेतली नव्हती. मला उत्तर देता येईना. त्या रात्री गच्चीवर पडल्या पडल्या डोक्यात आलेले विचार म्हणजे हा लेख. सुट्टीत थोडं वाचलं, आजीला आणि सरांना भरपूर विचारलं, आणि क्रांती, बंड, चळवळ असल्या शब्दांची एक छोटीशी जर्नल फाइल तयार झाली. तीच इथे सबमिट करतेय.

एम कट!

फर्स्ट इयरला आपल्या सगळ्यांचे मार्क एका गोष्टीसाठी हमखास कापले गेलेत. उत्तर बरोबर, पण युनिट लिहिलं नाही. '२५' लिहून काय उपयोग? २५ न्यूटन की २५ किलो? आकडा तोच, पण युनिट बदललं की अर्थच बदलतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की राजकारणातल्या शब्दांचंही तसंच असतं. बंड, दरोडा, उठाव, मुक्ती, फितुरी... या शब्दांना युनिट लागतं, आणि ते म्हणजे 'हा शब्द कुणाचा?' कोण बोलतोय ते गाळलं की उत्तर चुकतं. मी माझ्या भाषांतरात तेच केलं होतं. शब्द इंग्रज सरकारचे, पण युनिट लावलं माझ्या घरचं.

आता एकेक शब्द घेऊ.

बंड, उठाव आणि समर

शाळेत आम्ही १८५७ चा धडा इंग्रजीत शिकलो. आईच्या वेळच्या लोकांच्या तोंडी मात्र 'शिपायांचं बंड' असायचं, आणि ते होतं 'म्युटिनी' या इंग्रजी शब्दाचं भाषांतर. म्युटिनी म्हणजे सैनिकांनी आपल्याच अधिकाऱ्यांविरुद्ध उठणं. हा शब्द स्वीकारला की कंपनी आपोआप 'मालक' ठरते आणि शिपाई 'बेशिस्त नोकर'. एका शब्दात निकाल लागला की!

सावरकरांनी लंडनमध्ये असताना याच घटनेवर मराठीत ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांनी शब्द वापरला 'स्वातंत्र्यसमर'. त्याचं इंग्रजी भाषांतर १९०९ मध्ये निघालं आणि इंग्रज सरकारने त्यावर बंदी घातली. नव्या पुस्तकांतून आता बहुधा 'उठाव' किंवा 'स्वातंत्र्यलढा' दिसतो. घटना एक, वर्ष एक, नावं तीन-चार.

पण थांबा, 'बंड' म्हणणारे सगळे इंग्रजधार्जिणे होते असं समजू नका. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि नेमके त्या धामधुमीत सापडले. झाशीची लढाई त्यांनी डोळ्यांनी पाहिली. त्यांचं 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ मध्ये छापलं गेलं. तेही 'बंड' हाच शब्द वापरतात, पण झाशीच्या राणीविषयी त्यांना किती माया होती ते पानोपानी दिसतं. म्हणजे शब्द वाचून लगेच माणसाला पक्षात टाकू नये. आधी युनिट बघावं.

आता 'बंडखोर' बघा. हे 'खोर' फारसीतून आलं, अर्थ 'खाणारा'. लाचखोर, भांडखोर, चुगलखोर, हरामखोर, दरोडेखोर ही सगळी त्याच घरातली भावंडं. एकाचंही नाव चांगलं नाही! देशभक्तखोर असं कुणी म्हणत नाही. आणि आजच्या पेपरात बंडखोर म्हणजे कोण? ज्याला पक्षाचं तिकीट मिळालं नाही तो उमेदवार. शब्दाची काय ही दशा! 'उठाव' तरी बरा म्हणावा, तर आमच्या गावचा व्यापारी म्हणतो, "यंदा गुळाला उठाव न्हाई."

क्रांती आणि आर.पी.एम.

हा भाग खास मेकॅनिकलवाल्यांसाठी. आपल्याला 'रिव्हॉल्यूशन' म्हटलं की पहिल्यांदा काय आठवतं? फ्रान्स नव्हे, लेथ मशीन! रिव्हॉल्यूशन्स पर मिनिट. आणि गंमत म्हणजे इंग्रजीतही हा शब्द राजकारणाच्या आधी आकाशातच होता. कोपर्निकसच्या १५४३ सालच्या प्रसिद्ध ग्रंथाच्या नावात तो आहे, आणि तिथे त्याचा अर्थ आकाशातल्या गोलांचं फिरणं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'परत फिरणं, गुंडाळत मागे येणं'. राजकारणात तो रुळला, तेव्हाही सुरुवातीला 'पूर्वीची घडी पुन्हा बसवणं' ही छटा त्यात होती. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर 'जुनं उलथून नवं आणणं' हा अर्थ पक्का झाला.

आपला 'क्रांती' शब्दही आकाशातलाच! संस्कृतात 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणं, ओलांडणं. सूर्य एका राशीतून दुसरीत जातो ती संक्रांत. सूर्याच्या भासमान मार्गाला ज्योतिर्गणितात क्रांतिवृत्त म्हणतात. म्हणजे तिळगूळ घ्या म्हणताना आपण क्रांतीच्या चुलत बहिणीचा सण साजरा करतो, हे किती जणांना माहीत होतं? मला तरी नव्हतं.

पण दोन्ही शब्दांत एक बारीक फरक आहे. इंग्रजी शब्दात चाक आहे, ते फिरून पुन्हा त्याच जागी येतं. आपल्या शब्दात पाऊल आहे, ते उंबरा ओलांडतं. खऱ्या इतिहासात दोन्ही घडतं. फ्रान्सने राजाला हटवलं, आणि १८०४ मध्ये नेपोलियन सम्राट झाला. चाक फिरून आलं की नाही? म्हणून कुणी 'क्रांती झाली' म्हणालं की विचारावं, पाऊल पडलं का फक्त आर.पी.एम. वाढले?

'आंदोलन'ही फिजिक्समधलंच. दोलन म्हणजे ऑसिलेशन, दोलक म्हणजे पेंड्युलम. आंदोलन म्हणजे मुळात झोके घेणं. 'चळवळ'मध्येही चळणं, हलणं आहेच. 'मोर्चा' मात्र किल्ल्यावरून उतरलाय. पूर्वी किल्ल्याला वेढा घालताना मोर्चे लावत, म्हणजे तोफांच्या आणि शिबंदीच्या जागा धरत. आता आपण मोर्चा 'काढतो', आणि तो चालत कचेरीवर जातो. हातात तोफेऐवजी निवेदन!

'संप' तर मला सगळ्यात आवडला. आमच्या वर्गातल्या गुजराती मैत्रिणीने सांगितलं की त्यांच्याकडे संप म्हणजे एकी, सलोखा. आपल्याकडे काम बंद ठेवणं. विचार केला तर बरोबरच आहे. एकी नसेल तर संप टिकतोय कशाला? आपल्या मास बंकचा अनुभव आठवा. दोन जण गुपचूप लेक्चरला बसतात आणि सगळं मुसळ केरात!

भूमिगत की फरारी?

आता आबांच्या कागदाकडे येऊ.

९ ऑगस्ट १९४२ च्या पहाटे गांधीजी आणि काँग्रेसचे बडे नेते पकडले गेले. आदल्याच दिवशी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर 'चले जाव'चा ठराव झाला होता. नेते तुरुंगात गेल्यावर बाकीच्या कार्यकर्त्यांपुढे प्रश्न पडला की आपणही अटक करून घ्यायची की बाहेर राहून काम करायचं? जे बाहेर राहिले ते भूमिगत झाले.

मला इतकी वर्षं भूमिगत म्हणजे गटार नाहीतर केबल वाटायची. सिव्हिलवाल्यांना अजूनही वाटत असेल! पण १९४२ मध्ये भूमिगत झालेले लोक जमिनीखाली नव्हते, उसाच्या फडात होते, डोंगरात होते, ओळखीच्या घराच्या माळ्यावर होते. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी ऑगस्ट ते नोव्हेंबर १९४२ या काळात गुप्त रेडिओ चालवला. पकडलं जाऊ नये म्हणून ट्रान्समीटरच्या जागा बदलत राहायचे. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, विचार करा. लहरी हवेत आणि शब्द मात्र भूमिगत!

याच माणसांना सरकारी कागदात फरारी म्हणत. फरारी म्हणजे पळालेला. कशापासून? कायद्यापासून. भूमिगत म्हणजे लपलेला. कशासाठी? कामासाठी. माणूस तोच, रात्रही तीच, दारावर थाप पडल्यावर मागच्या परसातून जाणारी वाटही तीच. एका शब्दात पाठ दिसते, दुसऱ्यात तोंड.

आमच्या भागात तर भूमिगतांनी सरकारच स्थापन केलं. क्रांतिसिंह नाना पाटील हे त्याचे नेते. त्यांच्याबरोबर नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड अशी मंडळी होती. १९४३ ते १९४६ या काळात तेव्हाच्या सातारा जिल्ह्यातल्या (आजचे सातारा आणि सांगली) अनेक गावांत हे सरकार चालत होतं. त्याची न्यायदान मंडळं होती, तुफान सेना होती, कमी खर्चात गांधी पद्धतीने लग्नं लावली जात. नाव होतं प्रतिसरकार. क्रिया आणि प्रतिक्रिया आठवा, न्यूटनचा तिसरा नियम. तेच हे 'प्रति'.

पण गावात सगळे म्हणतात 'पत्री सरकार'. बैलाच्या खुरांना लोखंडी पत्री मारतात ना, त्यावरून. गावगुंडांना आणि खबऱ्यांना शिक्षा म्हणून पायांना पत्री ठोकतात अशी गोष्ट पसरली. चळवळीतले जाणते लोक सांगत की खिळे वगैरे काही नसत, तळपायावर काठीचे फटके असत, त्यालाच लोक पत्री मारणं म्हणत. आता प्रति आणि पत्री हे उच्चार किती जवळ! एक शब्द विचाराचा, दुसरा भीतीचा. पण मजा म्हणजे लोकांनी भीतीचाच शब्द अभिमानाने उचलला. आजी 'पत्री सरकार' म्हणताना ताठ बसते.

आणि दरोडा? ७ जून १९४३ ला शेणोली स्टेशनजवळ रेल्वेच्या पगाराची रक्कम नेणारी गाडी चळवळीतल्या लोकांनी अडवली. १४ एप्रिल १९४४ ला धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना घेतला, सुमारे साडेपाच लाखांचा. पुस्तकांत याला 'खजिना लूट' म्हणतात. त्यात भाग घेतलेल्यांना मात्र 'लूट' हा शब्दही खटकायचा. कायद्याच्या पुस्तकात याचं नाव डकॉइटी. भारतीय दंड संहितेच्या कलम ३९१ मध्ये व्याख्या होती, पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली लूट. म्हणजे चार जण असले तर रॉबरी, पाचवा आला की डकॉइटी. अगदी आपल्या डेफिनिशनसारखी नेमकी. फक्त पैसा कुणाचा आणि कशासाठी घेतला, हे त्या व्याख्येत कुठेच बसत नाही.

एकाच शब्दाला दोन धारा

इथपर्यंत वाटेल की इंग्रजांचे शब्द वाईट आणि आपले चांगले. मलाही तसंच वाटत होतं. पण 'बहिष्कार' भेटला आणि गाडी अडली.

टिळकांच्या चतु:सूत्रीत स्वराज्य, स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण यांच्याबरोबर बहिष्कार आहे. इंग्रजीत याला 'बॉयकॉट' म्हणतात. हा बॉयकॉट खरा माणूस होता, आयर्लंडमधल्या एका जमीनदाराचा कारभारी. १८८० मध्ये कुळांनी आणि गावाने त्याच्याशी सगळा व्यवहार तोडला आणि त्याचं आडनावच क्रियापद झालं. बहिष्कार आणि बॉयकॉट यांचा उच्चार थोडा जवळचा वाटतो, पण नातं काही नाही. आपला शब्द संस्कृतातला, 'बाहेर करणं'.

आणि बाहेर कुणाला करत होते? विलायती कापडाच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे माणसांनाच बाहेर केलं जात होतं. वाळीत टाकणं, पाणी तोडणं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्ये पाक्षिक काढलं, त्याचं नावच 'बहिष्कृत भारत'. एकीकडे बहिष्कार हे स्वातंत्र्याचं शस्त्र, दुसरीकडे तेच शस्त्र शतकानुशतकं आपल्याच माणसांवर रोखलेलं. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला तो २०१६ चा. म्हणजे हा शब्द अजून इतिहासजमा झालेला नाही.

'सत्याग्रह'चंही तसंच. हा शब्द दक्षिण आफ्रिकेत घडला. 'पॅसिव्ह रेझिस्टन्स' हे नाव गांधीजींना पटत नव्हतं, म्हणून त्यांनी आपल्या साप्ताहिकातून नवा शब्द सुचवायला सांगितलं. मगनलाल गांधींनी 'सदाग्रह' सुचवला आणि गांधीजींनी त्याचा सत्याग्रह केला. आपल्याला वाटतं सत्याग्रह म्हणजे इंग्रजांविरुद्ध. पण २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्यावर बाबासाहेब आणि हजारो लोक पाणी प्यायले, तो सत्याग्रह कुणाविरुद्ध होता? समोर गोरा साहेब नव्हता. १९३० मध्ये नाशिकला काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला, तिथेही नव्हता. म्हणून 'शब्द कुणाचा' याच्या जोडीला 'कुणाविरुद्ध' हेही विचारायला हवं.

राजा, देश आणि पोलीस ॲक्शन

टिळकांवर १८९७ आणि १९०८ मध्ये खटले झाले ते राजद्रोहाचे. १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. राजद्रोह म्हणजे राजाशी द्रोह, आणि राजा तर परका. हल्ली मात्र कुणीही सर्रास राजद्रोह आणि देशद्रोह एकाच अर्थाने वापरतो. राज्य करणारा आणि देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तसं नसतं तर टिळक देशद्रोही ठरले असते! १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात 'सेडिशन' हा जुना शब्द नाही. त्याजागी कलम १५२ देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता यांची भाषा बोलतं. शब्द बदलला की वागणूकही बदलते का, हे मात्र प्रत्येक खटल्यात बघावं लागेल.

अजून एक जोडी. आमच्या हॉस्टेलला नांदेडची रूममेट आहे. तिच्याकडे दोन स्वातंत्र्यदिन! १५ ऑगस्ट आणि १७ सप्टेंबर. १९४८ मध्ये त्या दिवशी निजामाची राजवट संपली, म्हणून मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. पण तिचे आजोबा म्हणतात 'पोलीस ॲक्शन'. प्रत्यक्षात गेलं होतं सैन्य, रणगाड्यांसकट. पण 'लष्करी' म्हटलं की दोन देशांतलं युद्ध वाटतं, 'पोलीस' म्हटलं की घरातली बाब. गोव्याचंही तसंच. १९ डिसेंबर १९६१ हा आपल्यासाठी गोवा मुक्तिदिन, तेव्हाच्या पोर्तुगीज सरकारच्या लेखी आक्रमण. आणि दोन्हीकडे स्वातंत्र्य नव्हे, 'मुक्ती'. कारण बाकी देश आधीच स्वतंत्र झाला होता, हे मागे राहिलेल्या भावंडाची बेडी तोडणं होतं.

हुतात्मा

लहानपणी मला हुतात्मा म्हणजे साखर कारखाना वाटायचा. हसू नका! वाळव्याचा कारखाना हुतात्मा किसन अहिर यांच्या नावाचा आहे आणि गावात सगळे नुसतंच 'हुतात्म्याला ऊस घातला' म्हणतात. किसन अहिर १९४६ मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकीत गेले, हे मला या सुट्टीत कळलं. हुत म्हणजे यज्ञात अर्पण केलेलं. 'शहीद' हा अरबी शब्द, त्याच्या मुळाशी साक्षीदार आहे. इंग्रजी 'मार्टर' ग्रीकमधून आला, त्याचाही मूळ अर्थ साक्षीदार! आपल्या शब्दात माणूस स्वतःला देऊन टाकतो, त्या दोन शब्दांत तो साक्ष देतो.

आणि आपल्या कॉलेजसाठी एक नाव सांगायलाच हवं. १० सप्टेंबर १९४२ ला इस्लामपूरच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे हुतात्मा झाले. पंड्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात इंजिनियर होते. आपल्यातलेच! चांगली नोकरी असलेला इंजिनियर त्या दिवशी मोर्चात चालत होता. प्लेसमेंटच्या टेन्शनमध्ये हे नाव आठवलं की मला जरा गप्प व्हायला होतं.

पुन्हा ट्रंक

सुट्टी संपायच्या दोन दिवस आधी मी आजीला सगळं खरं सांगितलं. फरारी, दरोडा, सगळं. अटॅचमेंटचा अर्थही तोवर सरांना विचारला होता. जप्ती!

आजी जराही हलली नाही. म्हणाली, "जप्ती कशाची झाली ते लिवलंय का?"

"नाही. मालमत्ता एवढंच आहे."

"जोंधळ्याची पोती नेली. बी-भरणाचं सुदीक ठिवलं न्हाई. आई सांगायची. पोटात माझा थोरला भाऊ हुता तिच्या." थोडा वेळ थांबून म्हणाली, "आबांनी घेतलं त्यो दरोडा. त्यांनी नेलं ती जप्ती. व्हय की न्हाई?"

मी काय बोलणार? तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, "पर एक सांगते. पत्री सरकारचं नाव घेऊन चोऱ्या करनारीबी हुती काही. आबास्नी त्येंचा लई राग. तवा नुसत्या नावावर जाऊ ने."

म्हणजे मी चार दिवस वाचून जे शोधलं ते आजीला आधीच माहीत होतं, आणि एक पायरी पुढचंही. कागदावरचं नाव खोटं असू शकतं, तसं आपल्या बाजूचं नावही खोटं असू शकतं. शेवटी कुणी काय केलं ते बघावंच लागतं.

मग मी नवं भाषांतर केलं. जसंच्या तसं. 'फरारी' तिथे फरारी, 'दरोडा' तिथे दरोडा, 'जप्ती' तिथे जप्ती. थोर नाही, देशभक्त नाही. फक्त वरच्या ओळीत लिहिलं, 'इंग्रज सरकारने १९४३ मध्ये काढलेल्या इंग्रजी कागदाचे भाषांतर'. आणि खाली आजीने सांगितलेलं तिच्याच शब्दांत, 'त्यांच्या मुलीने सांगितलेली हकीकत' असं लिहून. दोन्हीला युनिट लावलं. सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "दोन्ही शेजारी शेजारी लावू."

९ ऑगस्टला मला जाता आलं नाही, युनिट टेस्ट होती (हो, तीही युनिटच!). मामाने फोटो पाठवला. कागदासमोर सातवी-आठवीची पोरं उभी आहेत आणि एक मुलगी 'दरोडा' शब्दावर बोट ठेवून शेजारच्या हकीकतीकडे बघतेय. आजी खुर्चीवर बसलीय. ताठ.

स्वाध्याय

(एंड-सेमला येणार नाही, तरी सोडवा.)

प्र. १. आजचा पेपर घ्या. त्यातले बंड, उठाव, आंदोलक, समाजकंटक, घुसखोर, कारवाई, मुक्ती असे शब्द अधोरेखित करा. प्रत्येकापुढे लिहा, हा शब्द कुणाचा? कुणाविरुद्ध?

प्र. २. जगातल्या कुठल्याही एका लढ्याची बातमी दोन वेगवेगळ्या देशांच्या वृत्तपत्रांत वाचा. एकाच माणसाला किती नावं मिळतात ते मोजा.

प्र. ३. घरी ट्रंक असेल तर उघडा. आजी-आजोबा असतील तर कागद वाचायच्या आधी त्यांना विचारा. मी उलटं केलं आणि चार दिवस वाया घालवले.

युनिट न लिहिणाऱ्यांचे मार्क कापले जातील!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी